कुठून कुठवर कापायचं?

पत्त्यांच्या याद्या साफ करणं हे माझं नेहमीचं काम. एकाच रकान्यात नाव, घर नंबर, पेठ, मोबाईल, पिनकोड असं सगळं कोंबलेलं असतं. त्यातला हवा तेवढाच तुकडा प्रोग्रामने अलगद काढायचा, म्हणजे सबस्ट्रिंग काढायची.

जागा ठरलेली असली की काम सोपं. बँकेचा आयएफएससी कोड 11 अक्षरांचा: पहिली चार बँकेची, मग एक शून्य, शेवटची सहा शाखेची. पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शून्यापासून मोजते आणि कापाचा शेवटचा आकडा धरत नाही, म्हणून बँकेसाठी [0:4], शाखेसाठी [5:11]. नवख्याला हे विचित्र वाटतं. पण दोन आकड्यांची वजाबाकी केली की थेट लांबी मिळते. संगणकशास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा यांनी 1982 साली एका टिपणात याच पद्धतीची बाजू मांडली होती. एक्सेलचं मिड हे फंक्शन मात्र एकपासून मोजतं आणि शेवट न विचारता लांबी विचारतं.

पिनकोड मात्र पत्त्यात कुठेही सापडतो. 'सलग सहा अंक' एवढंच सांगितलं, तर रेजेक्स, म्हणजे मजकुरात नमुना शोधणारं सूत्र, मोबाईल नंबरचेही पहिले सहा अंक उचलून आणतं. म्हणून 'मागेपुढे अंक नको' ही अट घालायची. कोणी 411 030 असं मधे जागा सोडून लिहितं, तिचीही सोय करायची. कोणी ४११०३० लिहितं. पायथन 3 मधली \d ही अंकाची खूण ते ओळखते, [0-9] ओळखत नाही.

खरी कसोटी मराठी नावं आखूड करताना लागते. 'ज्ञानेश्वर' घ्या. वाचणाऱ्याला ज्ञा, ने, श्व, र अशी चार अक्षरं दिसतात. पायथनला len, म्हणजे लांबी, विचारली तर उत्तर 10, कारण काना, मात्रा आणि हलन्त वेगवेगळे मोजले जातात. यूटीएफ-8 या साठवणीच्या पद्धतीत ठेवलं की 30 बाइट, प्रत्येक चिन्हाला तीन. [:8] वर कापलं की 'ज्ञानेश्' असा लंगडा पाय उरतो. बाइटने 20 वर कापलं तर सहा चिन्हं शाबूत राहतात आणि सातव्याचा चुरा होऊन चौकोनात प्रश्नचिन्ह येतं. सगळ्यात फसवा काप [:7]चा: 'ज्ञानेश'. कुठेही तुटल्यासारखं दिसत नाही, पण माणूसच बदलतो. असली चूक तपासणीत सहज निसटते.

अक्षर न फोडता कापायचे नियम युनिकोडने दिले आहेत. देवनागरी जोडाक्षर एकसंध धरायचा नियम त्यात 2023 च्या 15.1 आवृत्तीत आला. त्यामुळे जुन्या लायब्ररीत याच नावाचे सहा तुकडे पडतात, नव्या नियमाने चार.

म्हणून 'नाव 20 मध्ये बसवा' असं काम आलं, की मी आधी विचारतो: वीस काय? बाइट, चिन्हं की अक्षरं? डेटाबेसवाला एक सांगतो, लेबल छापणारा दुसरंच. दोघांचं एकमत झाल्यावर कोडची ओळ लिहायला मिनिटही लागत नाही.