धर्मशाळेचे दार कोणासाठी उघडे?

इंग्लंडमधील विंचेस्टर शहराजवळ सेंट क्रॉस नावाचा एक आश्रम आहे. बाराव्या शतकात बिशप हेन्री ऑफ ब्लॉय याने तो तेरा निराधार पुरुषांसाठी काढला. पंधराव्या शतकात कार्डिनल बोफोर्टने त्याचा विस्तार केला. मधोमध मोकळे अंगण, एका बाजूला प्रार्थनामंदिर, जेवणाचे दालन आणि समोर दगडी घरांची ओळ. त्या घरांच्या छपरावर उंच धुराड्यांची ओळ. म्हातारपणी आसरा मिळाला तरी माणसाची चूल त्याची स्वतःची राहिली पाहिजे, हा विचार त्या धुराड्यांच्या ओळीतून सरळ वाचता येतो. इंग्लंडने ही वास्तू संरक्षित वारसा म्हणून नोंदली आहे, आणि वेशीवर येऊन मागणाऱ्या वाटसरूला पाव आणि बिअर देण्याची जुनी चाल तिथे आजही सुरू आहे. मात्र याच आश्रमाच्या इतिहासात एक कटू प्रकरण आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बिशप बापाने आपल्या मुलाला आश्रमाचे प्रमुखपद दिले. पुढे अर्ल ऑफ गिल्फर्ड झालेल्या या माणसाने आश्रमाच्या जमिनींचे उत्पन्न वर्षानुवर्षे स्वतःकडे वळवले. 1853 मध्ये न्यायालयाने त्याच्याविरुद्ध निकाल दिला. या सगळ्या काळात धुराडी जागेवर होती, वेसही जागेवर होती.

याच्या नेमके उलट उदाहरण जर्मनीत आहे. आउग्सबुर्ग शहरात याकोब फुगर या सावकाराने 1521 मध्ये गरीब कारागिरांसाठी फुगराय नावाची वसाहत स्थापन केली. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बहल्ल्यांत तिचा मोठा भाग कोसळला. ट्रस्टने ती पुन्हा बांधली, जुन्याच नियमांवर चालवली आणि आजही तिथले वर्षाचे मूळ भाडे एक युरोपेक्षा कमी आहे. ही दोन्ही प्रकरणे शेजारी ठेवली की आपल्याकडच्या वारसा-चर्चेतली उणीव दिसते. आश्रयाच्या वास्तूत जपायची पहिली गोष्ट म्हणजे तिथे शिरण्याचा गरिबाचा हक्क. दगडविटा त्या हक्कासाठी रचलेल्या असतात. महाराष्ट्रातील धर्मशाळांच्या बाबतीत आपण हा क्रम उलटा लावला आहे, आणि त्याची किंमत गरीब माणूस मोजतो आहे.

आपली धर्मशाळा मुक्कामाला येऊन पुढे जाणाऱ्यासाठी बांधलेली. दिंडी दरवाजा, मध्ये चौक, चारी बाजूंनी ओवऱ्या, आड किंवा विहीर, कोपऱ्यात चुली, भिंतीत देवळ्या आणि खुंट्या. अहिल्याबाई होळकरांनी काशीपासून रामेश्वरापर्यंत बांधलेल्या धर्मशाळांना दगडी घाटांची आणि देवळांची साथ मिळाली, म्हणून त्या निदान छायाचित्रांत तरी आहेत. विसाव्या शतकात गाडगेबाबांनी बांधलेल्या धर्मशाळा मात्र वास्तुकलेच्या इतिहासात जवळजवळ नाहीत. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी 1876 मध्ये परीट कुटुंबात जन्मलेल्या या माणसाने कीर्तनातून आणि देणग्यांतून पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू येथे धर्मशाळा उभ्या केल्या. स्वतः मात्र तो त्यांच्या खोल्यांत न राहता झोपडीत राहिला. या इमारतींत कोरीवकाम नाही. पण पंढरपुरात 1920 च्या सुमारास उभ्या राहिलेल्या चोखामेळा धर्मशाळेचा अर्थ तिच्या नकाशाआधी तिच्या दारात शोधावा लागतो. विठ्ठलाच्या देवळात अस्पृश्यांना प्रवेश मिळण्यासाठी 1947 मध्ये साने गुरुजींना उपोषण करावे लागले. त्याआधी पाव शतक, त्याच गावात, त्याच यात्रेकरूंना हक्काचे छप्पर देणारी ही इमारत होती.

इथे एक आक्षेप गंभीर आहे. एका जातसमूहासाठी वेगळी धर्मशाळा बांधणे म्हणजे वेगळेपण पक्के करणे नव्हे का? तत्त्व म्हणून हा प्रश्न रास्त आहे. पण ज्या गावातल्या मठांची आणि धर्मशाळांची दारे आधीच जातीने वाटली गेली होती, तिथे दार बंद असलेल्या माणसाला उघड्यावर ठेवून समतेची वाट पाहायला सांगणे हे अधिक क्रूर ठरले असते. शिवाय पुढचा इतिहास बोलका आहे. 1949 मध्ये गाडगेबाबांनी ही धर्मशाळा डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली. तीर्थयात्रेत मुक्ती न शोधणाऱ्या नेत्याने तीर्थातली वास्तू शिक्षणासाठी स्वीकारली. वापर बदलला, पण वंचिताला आत घेण्याचा हेतू टिकला. माझ्या मते वारसा जपण्याचे महाराष्ट्रातले हे अतिशय उत्तम उदाहरण आहे.

दुसरा आक्षेप वास्तुतज्ज्ञांचा: अशा साध्या इमारती वारसायादीत घेतल्या तर यादीला अंत राहणार नाही. केंद्राचा 1958 चा स्मारकविषयक कायदा शंभर वर्षांचे वय आणि ऐतिहासिक किंवा कलात्मक महत्त्व पाहतो. चोखामेळा धर्मशाळा वयाच्या कसोटीला उतरते, आणि तिचे ऐतिहासिक महत्त्व नाकारायला फार धाडस लागेल. तरीही यादीने भिंती राखल्या जातात, आणि नुसत्या भिंतींनी भागत नाही, हे सेंट क्रॉसने दाखवलेच आहे. संरक्षित भिंतीआड महागडे यात्री-निवास चालू शकते. म्हणून 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याकडे पाहावे लागते. त्याच्या कलम 36 नुसार ट्रस्टची स्थावर मिळकत विकायला, किंवा इमारत तीन वर्षांहून अधिक काळ भाड्याने द्यायला, धर्मादाय आयुक्तांची मंजुरी लागते. ही तरतूद मालकी राखते. ओवरीत कोणाला जागा मिळाली, हे तिच्या कक्षेत येत नाही.

हा प्रश्न तीर्थक्षेत्रांपुरता नाही. आजचा मोठा यात्रेकरू रुग्णाचा नातेवाईक आहे. तुमसर तालुक्याच्या टोकाला, मध्य प्रदेशच्या सीमेजवळ असलेल्या बपेऱ्यासारख्या गावातून कोणी नागपूरच्या मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात किंवा तुकडोजी महाराज कर्करोग रुग्णालयात दाखल झाला, तर खाटेची सोय रुग्णाची होते. सोबतच्या माणसाने कुठे झोपायचे, कुठे शिजवायचे, हा प्रश्न उरतो. गाडगेबाबांनी तो ओळखला होता. 1954 मध्ये मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ त्यांनी रुग्णांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा बांधली. पुढे त्यांच्या नावाच्या दादरच्या धर्मशाळेने कर्करोगाच्या रुग्णांना आसरा दिला.

जुन्या ओवऱ्यांत संडास, उतार आणि लिफ्ट बसवायची तर मूळ रचना बिघडते, असेही म्हटले जाईल. बिघडू द्यावी. आजाऱ्याला चढता येणार नाही असा जिना जपण्यात राम नाही. चौक, विहीर आणि दर्शनी दार राखून बाकीचे बदलता येते. बदलायला नको ती गरिबाला जागा देण्याची देणगीदाराची अट. तीही पाळणे अशक्य झाले, तर विश्वस्त व्यवस्था कायद्याचे कलम 55 मूळ हेतूच्या जवळच्या कामाकडे न्यायालयामार्फत जाण्याची वाट देते. म्हणून प्रत्येक जुन्या धर्मशाळेच्या नोंदीत नकाशासोबत ही अट, मोफत किंवा नाममात्र दरातल्या खोल्यांची संख्या आणि दरवर्षी तिथे राहिलेल्यांचा हिशेब जोडला जावा, आणि तो दाराशेजारच्या फलकावर लावला जावा, म्हणजे रात्री उशिरा पोहोचलेल्या माणसाला आपण काय मागू शकतो हे वाचता येईल.