नव्या घरात नळाला कुणाचं पाणी येतं?

पावसाळा सुरू झाला की आमच्या सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत जुलाब, उलट्या, टायफॉइड आणि काविळीचे रुग्ण वाढतात. ताप किती दिवसांचा, जेवण जातं का, हे विचारून झालं की मी एक प्रश्न हमखास विचारतो. "पाणी कुठलं पिता?" उत्तर बहुतेक वेळा एका शब्दाचं असतं, "नळाचं." नळाला कुठून येतं? "सोसायटीच्या टाकीतून." आणि टाकीत? इथे रुग्ण सोबतच्या नातेवाइकाकडे बघतो आणि नातेवाईक माझ्याकडे. नुकतंच बिऱ्हाड हलवलेलं असेल तर हे ठरलेलंच. भाडं, डिपॉझिट, पार्किंग, मुलांची शाळा, सगळ्याची चौकशी झालेली असते. पाण्याबद्दल एजंटने "चोवीस तास आहे" म्हटलेलं असतं आणि तेवढ्यावर समाधान झालेलं असतं.

चोवीस तास पाणी याचा अर्थ गच्चीवरची टाकी रिकामी होत नाही, इतकाच. ती महापालिकेच्या पाण्याने भरते, बोअरच्या की टँकरच्या, हे त्यातून कळत नाही.

घराला पाणी कोण देतं, या प्रश्नावर साथरोगशास्त्रातला एक मोठा अभ्यास उभा आहे. १८५४ साली लंडनमध्ये कॉलऱ्याची साथ होती. डॉ. जॉन स्नो यांचं नाव ब्रॉड स्ट्रीटच्या हातपंपामुळे अनेकांना माहीत असतं, पण माझ्या मते त्यांचं खरं मोठं काम थेम्स नदीच्या दक्षिणेकडच्या वस्त्यांमधलं आहे. तिथे दोन खासगी कंपन्या पाणी पुरवत. अनेक रस्त्यांवर दोघींचेही नळ होते, त्यामुळे एका घराला एका कंपनीचं आणि शेजारच्या घराला दुसरीचं पाणी, असा प्रकार होता. लॅम्बेथ कंपनीने १८५२ मध्ये आपलं पाणी उचलण्याचं ठिकाण नदीच्या वरच्या अंगाला, लंडनच्या सांडपाण्यापासून दूर नेलं होतं. साउथवर्क अँड व्हॉक्सहॉल कंपनी मात्र शहरातलीच घाण मिसळलेलं पाणी उचलत होती.

कॉलऱ्याने मृत्यू झालेल्या घरांत जाऊन स्नो विचारत, तुमचं पाणी कुणाचं? आणि लोकांना सांगता येत नसे. घरं भाड्याची, पाण्याचे पैसे घरमालक भरणार, भाडेकरूला कंपनीचं नाव माहीत असायचं कारणच नव्हतं. मग स्नो यांनी बाटलीत पाणी भरून न्यायला सुरुवात केली. त्यात सिल्व्हर नायट्रेट घातलं की पाण्यातलं मीठ किती ते कळतं. साउथवर्कच्या पाण्यात लॅम्बेथपेक्षा जवळपास चाळीसपट मीठ होतं, त्यामुळे कंपनी ओळखणं सोपं झालं. साथीच्या पहिल्या सात आठवड्यांचा हिशोब असा निघाला: साउथवर्कचं पाणी जाणाऱ्या दर १०,००० घरांमागे ३१५ मृत्यू, लॅम्बेथच्या दर १०,००० घरांमागे ३७. हवा तीच, गल्ली तीच, बाजार तोच, फरक फक्त पुरवठादाराचा. कॉलरा जंतूमुळे होतो हे जगाने मान्य करायला त्यानंतर तीसेक वर्षं लागली.

आपल्याकडे घराच्या पत्त्यावरून पुरवठादार कळेलच असं नाही. अंबरनाथ, बदलापूर, अमरावती इथे पाणी महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाचं. खारघर पनवेल महापालिकेत आलं, तरी पाणी सिडकोकडेच राहिलं. शहरांच्या कडेने वाढलेल्या वस्त्यांत तर आणखी गुंता असतो. गाव महापालिकेत येतं, करआकारणी सुरू होते, पण पाण्याची योजना जुन्या ग्रामपंचायतीचीच चालू राहते. मोठ्या गृहप्रकल्पांत महापालिकेची लाइन येईपर्यंत बोअर आणि टँकर, अशी व्यवस्था वर्षानुवर्षं चालते.

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात गियाँ-बारे सिंड्रोमचे रुग्ण एकाएकी वाढले. हातापायांतली ताकद जाते, काहींना व्हेंटिलेटर लागतो, असा हा मज्जातंतूंचा आजार. रुग्णसंख्या दोनशेच्या वर गेली. त्यातले बरेच रुग्ण सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड गाव, धायरी या पट्ट्यातले होते. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यात कॅम्पायलोबॅक्टर हा जुलाब करणारा जंतू सापडला. तो गेल्यावर शरीराची प्रतिकारशक्ती क्वचित आपल्याच मज्जातंतूंवर उलटते. किरकटवाडी आणि नांदेड ही गावं २०२१ मध्ये महापालिकेत आली. पण तिथल्या अनेक घरांना शुद्धीकरण केंद्रातून गाळून आलेलं पाणी मिळत नव्हतं. ते विहिरीतून, फक्त क्लोरिन टाकून येत होतं. 'पुणे महापालिकेचं पाणी' हे शब्द पर्वतीजवळच्या घरासाठी आणि या घरांसाठी वेगळ्या अर्थाचे होते.

मग शोधायचं कसं? घर बघायला जाल तेव्हा मालकाकडे पाणीपट्टीचं ताजं बिल मागा. त्यावर पुरवठादाराचं नाव आणि ग्राहक क्रमांक असतो. काही शहरांत पाणीपट्टी मिळकतकरातच येते, तेव्हा करपावती बघावी. मोठ्या सोसायटीत बिल सोसायटीच्या नावाने असतं, ते सेक्रेटरींकडे मिळेल. पण बिल असलं म्हणजे सगळं पाणी त्यांचंच, असं समजू नका. खरी माहिती वॉचमनकडे असते. पंप तोच सुरू करतो, टँकर आला की झाकण तोच उघडतो. पालिकेचं पाणी किती वाजता आणि किती वेळ येतं, टँकर आठवड्यातून किती, तो कुठे भरतो, बोअरचं पाणी वेगळ्या टाकीत जातं की पिण्याच्याच टाकीत, टाकी शेवटची कधी धुतली, हे त्याला विचारा. सेक्रेटरींचं आणि वॉचमनचं उत्तर जुळलं नाही, तर मी वॉचमनवर विश्वास ठेवीन. सोसायटी नसेल तर पालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयातल्या पाणीपुरवठा विभागात किंवा ग्रामपंचायतीत जाऊन विचारावं लागेल.

स्नो यांची मिठाची युक्ती आपल्या स्वयंपाकघरातही चालते. धरणाच्या पाण्यात क्षार कमी, बोअरच्या पाण्यात साधारणतः कितीतरी जास्त. डाळ शिजायला वेळ लागतो, साबणाला फेस येत नाही, नळाच्या तोटीवर पांढरा थर धरतो, तर एजंट काहीही म्हणो, टाकीत बोअर मिसळलेलं आहे. क्षारांवरून पाणी कुठलं ते कळतं, जंतू आहेत का ते कळत नाही. टीडीएसचा आकडा कमी म्हणून पाणी सुरक्षित, हा समज सुशिक्षित घरांतही घट्ट बसला आहे आणि तो चुकीचा आहे. त्यापेक्षा क्लोरिन तपासणारं छोटं किट आणा. पाण्यात थेंब टाकले की क्लोरिन असल्यास पिवळा रंग येतो. पालिकेची लाइन इमारतीत शिरते तिथे पिवळा आणि स्वयंपाकघरात काहीच नाही, असं दिसलं तर आधी तुमची टाकी तपासा.

आजारी पडलात तर डॉक्टरांना दोन्ही पत्ते सांगा. कॉलरा काही तासांत किंवा चार-पाच दिवसांत होतो, टायफॉइडला साधारण एक ते तीन आठवडे लागतात, पण 'ई' प्रकारची कावीळ दूषित पाणी पोटात गेल्यावर दोन ते दहा आठवड्यांनी उमटते. गणपतीत राहायला आलात आणि दसऱ्याला डोळे पिवळे झाले, तर दोष जुन्या घराच्या पाण्याचाही असू शकतो, आणि तिथले शेजारी अजून तेच पीत असतात. घरात गरोदर बाई असेल तर हा शोध सामान हलवण्याआधीच घ्या. शेवटच्या तिमाहीत ही कावीळ झाली तर चार-पाच जणींत एकीचा जीव जाऊ शकतो.

पाणी कुणाचं हे कळेपर्यंत ते उकळून प्या, उकळी फुटल्यावर मिनिटभर गॅस चालू ठेवा. शंका राहिलीच तर नमुना शासकीय सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळेत देता येतो. मात्र बाटली त्यांच्याकडूनच आणा. ती निर्जंतुक असते आणि तिच्यात क्लोरिन निष्प्रभ करणारं रसायन घातलेलं असतं. कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटलीत नेलेल्या पाण्याचा अहवाल त्या बाटलीचाच असतो.