रडारवर दिसलं, पण...

लढाईत बंदूकवाले असतात, तसे नुसते पडद्याकडे डोळे लावून बसणारेही असतात. अमेरिकी लष्करातले जोसेफ लॉकार्ड आणि जॉर्ज इलियट हे असेच दोन साधे शिपाई.

७ डिसेंबर १९४१, रविवार. हवाई बेटांपैकी ओआहूच्या उत्तर टोकाला, ओपाना इथल्या रडारवर त्यांची पहाटे ४ ते ७ अशी पाळी होती. सात वाजले, तरी न्याहारीला न्यायचा ट्रक येईना. इलियट नवखा, म्हणून सरावासाठी यंत्र चालूच ठेवलं. आणि ७ वाजून २ मिनिटांनी पडद्यावर ही भलीमोठी खूण! लॉकार्डला वाटलं, यंत्रच बिघडलं. तपासलं, तर ठणठणीत. उत्तरेला १३० मैलांवर विमानंच विमानं!

माहिती केंद्राला फोन केला. तिथले बहुतेक जण निघून गेलेले. उरलेले लेफ्टनंट टायलर या कामाला नवे. त्या सकाळी कॅलिफोर्नियाहून अमेरिकेचीच बी-१७ विमानं यायची होती. तीच असतील, असं त्यांना वाटलं. काळजी नको, म्हणाले. ते रडार विमानं दाखवी. आपली की परकी, हे कुठून सांगणार?

दोघं मात्र खुणा टिपत राहिले. बेटाजवळ येताच डोंगरांमुळे त्या दिसेनाशा झाल्या. मग ट्रक आला आणि ते न्याहारीला निघाले.

७ वाजून ५५ मिनिटांनी पर्ल हार्बरवर जपानी बॉम्ब पडू लागले.