नळाचं पहिलं पाणी पांढऱ्या बादलीत धरा

नौपाडा, डोंबिवली पूर्व, जुनं कल्याण... 1980 च्या आसपासच्या इमारतीत राहणाऱ्यांनी हे जरूर करा. अशा इमारतींत पाइप बहुधा जीआयचे, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी. मुलामा झिजला की आतून गंज साचतो आणि पाण्याला पेन्सिलीएवढीच वाट उरते. टाकी भरलेली असूनही शॉवरला धार नसते ती बऱ्याचदा यामुळेच!

सकाळचं पहिलं पाणी तांबूस आलं आणि दोन मिनिटांत निवळलं, तर दोष बहुधा घरातल्या पाइपांचा. सगळ्याच मजल्यांवर तसं येत असेल तर गच्चीवरची टाकी आणि मुख्य लाइन तपासा. एल्बोजवळचे आटे नीट बघा, तिथे लोखंड सर्वांत पातळ असतं.

आपल्याकडे अनेक भागांत उल्हास नदीचं पाणी ठरावीक वेळीच येतं. पुरवठा थांबला की दाब उतरतो आणि गटाराशेजारच्या गंजक्या पाइपाच्या भोकातून घाण आत ओढली जाऊ शकते. कावीळ, गॅस्ट्रोचा धोका तिथेच. म्हणून रस्त्यावरून सोसायटीच्या टाकीला येणारी लाइन आधी बदला, असं माझं ठाम मत आहे.

घरात वर्षभरात दुसऱ्यांदा जोड गळला तर ठिगळं पुरे, सगळी लाइन बदला. गरम पाण्याला सीपीव्हीसीच, म्हणजे उष्णता सोसणारे प्लास्टिकचे पाइप घ्या, आणि टाइल्स बसवण्याआधी प्लंबरकडून प्रेशर टेस्ट करून घ्या.