कडा असेल तिथं तट नको

सहामाहीचा शेवटचा पेपर दुपारी सुटतो आणि मुलांची जेवणं व्हायच्या आत आमच्या इमारतीच्या मागच्या अंगणात विटा येऊन पडायला लागतात. दप्तरं जिन्यात, गणवेश अंगावरच. तळमजल्यावर राहण्याचे तोटे पुष्कळ आहेत, डासांपासून ड्रेनेजपर्यंत. पण दिवाळीच्या सुट्टीत किल्ल्याचं सगळं काम माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली चालतं. पाणीही माझ्याच नळाचं. त्यामुळे किल्ल्याच्या बाबतीत मला बोलायचा हक्क आहे असं मी मानते. मुलं मानत नाहीत.

यंदा मुखत्यारी तिसऱ्या मजल्यावरच्या नववीतल्या मुलीकडे होती. सगळे तिला ताई म्हणतात, तिच्याहून सहा महिन्यांनी मोठा असलेला मुलगासुद्धा. पावसाळ्यात ती आईबाबांबरोबर राजगडावर जाऊन आली होती, म्हणून किल्ला राजगडच करायचा हे तिनं परस्पर ठरवून टाकलं. धाकट्यांना प्रतापगड हवा होता, कारण गेल्या वर्षीचा अफझलखान डब्यात तसाच पडून होता आणि वाघनखं नुकतीच नव्यानं रंगवली होती. बरीच घासाघीस झाली. शेवटी खानाला राजगडाच्या पायथ्याशी एक तंबू द्यायचं ठरलं आणि इतिहासाचं जे व्हायचं ते झालं.

किल्ल्यासाठी कुंपणाच्या भिंतीचा कोपरा निवडला जातो, म्हणजे दोन बाजूंनी आधार फुकटात मिळतो. विटांचा प्रश्न मात्र वर्षागणिक अवघड होत चाललाय. हल्ली बांधकामावर करडे, हलके, भलेमोठे ब्लॉक वापरतात. किल्ल्याला त्यांचा उपयोग नाही, एका ब्लॉकमध्ये अख्खी माची संपते. आमच्या नशिबानं पुढच्या गल्लीत एक जुना बंगला पाडायचं काम चालू होतं. तिथल्या वॉचमनकाकांनी लाल विटा दिल्या, पण मोजून आणि परत आणून द्यायच्या बोलीवर. जुन्या विटेला भाव असतो, हे मुलांना तेव्हा कळलं.

आधी सगळ्यात खाली डबर, मग विटा. विटा एकावर एक सरळ रचायच्या नाहीत. प्रत्येक थर आत घेत न्यायचा, मध्येच एखादी पायरी रुंद सोडायची, पुन्हा उभं चढवायचं. रुंद सोडलेली जागा म्हणजे माची, उभी चढवलेली बाजू म्हणजे कडा. आपला सह्याद्री तरी दुसरं काय आहे? लाव्हाचे थरावर थर साचले, वाऱ्यापावसानं मऊ थर झिजले, टणक थर कड्यांसारखे उभे राहिले. मधल्या सपाटीवर माच्या वसल्या आणि उरलेल्या माथ्यावर बालेकिल्ला. भूगोलाच्या पुस्तकात हे एका आकृतीत उरकलेलं असतं. इथं चौथीतल्या मुलानं तिसऱ्या थराची वीट बाहेर काढून ठेवली, तेव्हा वरचा भाग कोसळला आणि थर आत का घ्यायचे हे सगळ्यांना एकदमच समजलं.

ताईनं फोनवर उपग्रहातून घेतलेलं राजगडाचं चित्र काढून कट्ट्यावर ठेवलं होतं. मधोमध बालेकिल्ला, उत्तरेला पद्मावती, पूर्वेकडे सुवेळा आणि पश्चिमेला लांबच लांब संजीवनी. सुवेळा माचीवर कातळाला आरपार भोक आहे, त्याला नेढं म्हणतात. ते झालंच पाहिजे, यावर मात्र कोणाचंही दुमत नव्हतं. चिखलात नेढं टिकत नाही, वरची कमान खचते. शेवटी नळाच्या जुन्या पाइपचा तुकडा आडवा घालून त्याच्यावर लिंपण केलं आणि मग सगळे पोटावर पालथे पडून त्यातून एकमेकांकडे बघत बसले. त्यात बराच वेळ गेला. तोवर माझी चकलीची भाजणी दळून आली.

विटांवर गोणपाट टाकतात. किराणा दुकानातून हल्ली मिळतात ती प्लॅस्टिकची विणलेली पोती, आणि त्यांच्यावर चिखल धरत नाही. लावला की लगदा होऊन खाली सरकतो. ज्यूटच्या गोणपाटाच्या विणीत तो रुतून बसतो. ज्यूटची पोती मिळेपर्यंत दोन मुलं मंडईत चकरा मारत होती. ती आल्यावर बादलीत भिजवली, पिळली, विटांवर पसरली आणि मुठीनं दाबून खळग्यांत बसवली. गोणपाटाला पडलेल्या सुरकुत्या मोडायच्या नसतात, त्यांच्याच पुढे घळी आणि सोंडा होतात.

मातीवरून दरवर्षी वाद होतो. नर्सरीतून आणलेला पोयटा महाग पडतो, म्हणून कोणाच्या तरी गावाहून आलेली काळी माती त्यात मिसळली जाते. काळी माती दिसते झकास, हाताला लोण्यासारखी लागते, पण ती पाणी पिऊन फुगते आणि सुकली की आकसते. रात्री गुळगुळीत दिसणाऱ्या बालेकिल्ल्याला सकाळी करंगळी जाईल एवढ्या भेगा पडलेल्या असतात. यावरचा उपाय आमच्या इमारतीतल्या आजोबांनी वरच्या गॅलरीतून ओरडून सांगितला, "अरे, भुस्सा घाला त्यात, भुस्सा!" त्यांच्या लहानपणी वाड्यात भिंतीच्या लिंपणात पेंढा आणि शेण घालत. शेणाला मुलांनी नाकं मुरडली. सुताराकडचा लाकडाचा भुसा मात्र चालला आणि भेगा बऱ्याच आटोक्यात आल्या.

चिखल कालवायला बसणाऱ्या मुलाला माझ्या मते सगळ्यात चांगलं काम मिळतं. घमेल्यात चाळलेली माती, मध्ये आळं, आळ्यात पाणी, आणि कडेची माती थोडी थोडी आत ओढत राहायची. "काकू, पाणी!" अशी हाक दर पाच मिनिटांनी येते. पाणी जास्त झालं की चिखल उतारावर थांबत नाही, कमी झालं की गोणपाटाला चिकटत नाही. योग्य चिखल कसा ओळखायचा, ते सहावीतल्या मुलानं मला दाखवलं. त्यानं गोळा मुठीत दाबला. बोटांमधून तो फुटून बाहेर आला नाही आणि मूठ उघडल्यावर त्यावर बोटांचे ठसे जसेच्या तसे उमटलेले होते. "असा पाहिजे," तो म्हणाला, आणि गोळा सरळ कड्यावर फेकून मारला. तो बसला तिथंच बसला.

तटाच्या वेळी खरी गंमत झाली. धाकट्यांचा उत्साह असा, की त्यांनी चिखलाच्या वळकट्या करून किल्ल्याला सगळीकडून तट घालायला सुरुवात केली, कड्याच्या टोकालासुद्धा. बुरूज करायला प्लॅस्टिकचे ग्लास पालथे घातले होते, खराट्याच्या काडीनं जंग्या पाडणं चालू होतं, वर चर्या बसत होत्या. ताई वरून चहा पिऊन आली आणि तिनं अर्धा तट सरळ उपटून काढला.

"कडा असेल तिथं तट नको."

"का नको?"

"तू चढशील का तिथून?"

मुलगा कड्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मी नाही चढणार. पण हिरकणी उतरली होती ना?"

यावर ताईकडे उत्तर नव्हतं आणि माझ्याकडेही. दंतकथा सांगते की ती रायगडाचा कडा उतरल्यावर महाराजांनी त्या जागी बुरूज बांधून घेतला, म्हणजे मुलाचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. पण ताईचा मुद्दाही खराच. रायगडाला चहूबाजूंनी अखंड तट नाही. कडे तुटलेत तिथं तो घालायची गरजच पडली नाही. उलट राजगडाची संजीवनी माची सोंडेवर दूरवर पसरलेली, म्हणून तिला दुहेरी तटबंदी. ताईनं मुलांना मग पाण्याचा तांब्या दिला आणि किल्ल्यावर ओतायला सांगितलं. पाणी जिथून सावकाश वाहत खाली आलं तिथं तट, जिथून धबाधबा पडलं तिथं काही नाही. ही युक्ती तिनं कुठं वाचली होती की तिथल्या तिथं सुचली, कोण जाणे. दरवाजाही त्यानंतर जागा बदलून दोन बुरुजांच्या बेचक्यात, वळण घेऊन आत गेला. समोरून तोफ लागू नये म्हणून.

या कामात मोठ्यांनी हात घालू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. हल्ली बाजारात प्लास्टरचे तयार किल्ले मिळतात. आणून ठेवायचे, मावळे मांडायचे, संपलं. त्यात चिखल नाही, म्हणजे काहीच नाही. स्पर्धांनीही थोडी गडबड केली आहे. परीक्षक येणार म्हटल्यावर एखादे बाबा ड्रिल मशीन घेऊन खाली उतरतात, फ्लेक्स छापून येतो, आणि मुलं बाजूला उभी राहून स्क्रू देतात. आमच्याकडे यंदा फ्लेक्स नव्हता. पुठ्ठ्यावर हातानं लिहिलेली पाटी होती: "राजगड. जागतिक वारसा." ११ जुलै २०२५ ला युनेस्कोच्या यादीत मराठ्यांचे बारा किल्ले गेले, अकरा महाराष्ट्रातले आणि तमिळनाडूतला जिंजी, त्यात राजगड आहे. पाटीवर 'वारसा'तला 'सा' मावला नाही म्हणून खालच्या ओळीत गेला होता.

पेरणी कधी करायची याचा हिशेब वसुबारसेपासून उलटा करतात. अळीव दोन-तीन दिवसांत मोड काढतो, पाचव्या दिवशी डोंगर हिरवा दिसतो. मोहरी स्वस्त, पण तिचा दाणा गोल; उतारावर टाकला की घरंगळत पायथ्याला जाऊन बसतो. मग पायथ्याला जंगल आणि वर टक्कल. अळिवाचं तसं नाही. वाटीभर पाण्यात भिजवला की प्रत्येक दाण्याभोवती बुळबुळीत आवरण चढतं, आणि तोच बुळबुळीतपणा त्याला उभ्या कड्यालाही चिकटवून ठेवतो. मुली चार बोटांनी तो सारवल्यासारखा फासत होत्या. हा अळीव एका घरात बाळंतिणीच्या लाडवांसाठी आणून ठेवलेला होता, हे नंतर उघडकीला आलं. त्यावरून जिन्यात बरीच बोलणी झाली.

पेरल्यानंतर पाणी शिंपडायचं, ओतायचं नाही. एका बाटलीच्या झाकणाला सुईनं भोकं पाडून झारी केली होती. कबुतरांचा त्रास मोठा. त्यांच्यासाठी जुनी ओढणी दोरीवर टांगली. आणि एवढं सगळं झाल्यावर एका संध्याकाळी पाऊस आला. दिवाळीच्या तोंडावर आभाळ भरून येणं आता नवीन राहिलेलं नाही. मुलं ताडपत्री शोधेपर्यंत संजीवनी माचीचा शेवटचा टप्पा खाली बसला होता, दुहेरी तटासकट. रडारड झाली. दुसऱ्या दिवशी पायथ्याला दगडांची ओळ लावली, भिंतीलगत पन्हळीसारखी वाट काढून दिली आणि माची पुन्हा लिंपली. नव्या मातीवर अळीव उशिरा उगवला, त्यामुळे संजीवनी शेवटपर्यंत बाकीच्या गडापेक्षा फिकट हिरवी राहिली.

कारंजं माझ्या खिडकीच्या ग्रिलमधल्या बादलीवर चालत होतं. सलाईनची नळी बादलीतून काढून मातीखालून नेलेली, टोक पद्मावतीच्या तळ्यात. बादली जितकी वर, तितकी धार उंच. भाऊबिजेला आलेल्या पाहुण्यांना ते दाखवायचा मान वयानं सगळ्यात लहान असणाऱ्याला, असा अलिखित नियम आहे. नळीवरची चाकासारखी कळ फिरवताना त्याची जीभ बाहेर आलेली असते.

चित्रं कसब्यातल्या कुंभारवाड्यातून येतात. किल्ल्यावरच्या मातीच्या बाहुल्यांना आम्ही चित्रंच म्हणतो. महाराज सिंहासनावर, मावळे, भालदार, गवळण, बैलगाडी. प्रमाणाचा प्रश्न कोणालाच पडत नाही. महाराज दरवाजाच्या दुप्पट, वाघ घोड्याहून मोठा. शिवाय जुन्या डब्यातून निघालेला एक हेल्मेटवाला क्रिकेटपटू दरवर्षी कुठेतरी पहाऱ्याला असतो. यंदा तो चोरदरवाजाजवळ होता. परीक्षक बाईंनी विचारलं, "हा कोण?" चौथीतला मुलगा पटकन म्हणाला, "वेष पालटलाय त्यानं."

तुळशीचं लग्न झाल्यावर किल्ला मोडतात. मोठ्या मुलांना बालेकिल्ल्यात सुतळी बॉम्ब लावायचा होता. दरवर्षी लावायचा असतो. ताईनं साफ नकार दिला, कारण विटा फुटल्या असत्या. खुरप्यानं माती सुटी केली, ती घरोघरच्या कुंड्यांत गेली. गोणपाट धुऊन वाळत घातलं. चित्रं वर्तमानपत्रात गुंडाळून बुटांच्या खोक्यात, आणि ते खोकं कोणाच्या माळ्यावर ठेवायचं यावर चिठ्ठ्या टाकल्या. विटा घमेल्यातून गल्लीत नेल्या. वॉचमनकाकांनी मोजल्या, तर तीन कमी भरल्या. मुलांनी अंगण पुन्हा पालथं घातलं. दोन कुंपणाच्या कडेला सापडल्या, तिसरी माझ्या खिडकीखाली, बादलीला टेकू दिलेली.

"पुढच्या वर्षी इथं विटा नसणार," काका म्हणाले. "बिल्डिंग होणार. सगळे ब्लॉक."

परतताना मुलं गल्लीतल्या प्रत्येक जुन्या बंगल्यापाशी थांबून आत डोकावत होती.