एकाचे पैसे, वस्तू दोन!

नोकरी पुण्यात, घर जालन्यात. दिवाळीच्या सेलमध्ये तुम्ही आईसाठी एक मिक्सर मागवता. चार दिवसांनी घरून फोन. 'अरे, दोन आलेत की! दोनाचे पैसे भरलेस का काय?' तुम्ही बँकेचा मेसेज बघता, पैसे एकाचेच गेलेत. सही ना? दुसरा मावशीला देऊन टाक, असं म्हणणार असाल तर जरा थांबा!

अशा वेळी ऑफिसच्या कँटीनमध्ये एक ठरलेला फंडा ऐकायला मिळतो. 'कंपनीची चूक, आपलं गिफ्ट!' हा फंडा आला परदेशातून. न मागवलेला माल मुद्दाम घरी पाठवायचा आणि मग पैसे मागायचे, अशा कंपन्यांना चाप लावायला अमेरिकेनं १९७० मध्ये आणि ब्रिटननं १९७१ मध्ये कायदे केले. पण खरोखर चुकून आलेल्या वस्तूची गोष्ट वेगळी. शिवाय आपल्याकडे 'पाठवलं ते गिफ्ट' असा कायदाच नाही.

आपल्याकडे आहे तो १८७२ चा करार कायदा. त्याचं कलम ७२ सांगतं, चुकून हातात आलेले पैसे किंवा वस्तू परत करायची. कलम ७० मध्ये तर एक झकास उदाहरणच दिलंय. एक दुकानदार चुकून दुसऱ्याच्या घरी माल ठेवून जातो, घरवाला तो आपलाच समजून वापरतो. मग त्याला पैसे मोजावेच लागतात. दीडशे वर्षांपूर्वी दारात दुकानदार होता, आज कुरिअरवाला आहे. बाकी सगळं तेच! आणि चूक कळूनही वस्तू बेइमानीनं लाटली, तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम ३१४ आहे. शिक्षा सहा महिने ते दोन वर्षं, वर दंड.

म्हणजे सगळं ओझं ग्राहकावरच का? मुळीच नाही. १९३० चा मालविक्री कायदा तुमच्या बाजूनं आहे. मागवल्यापेक्षा जास्त माल आला तर मागवला तेवढा ठेवा, उरलेला नाकारा. सगळाच ठेवलात तर सगळ्याचे पैसे द्या. आणि कलम ४३ म्हणतं, वेगळं काही ठरलं नसेल तर नाकारलेला माल तुम्ही स्वतः परत पोचवायची गरज नाही. 'मला हा नकोय' एवढं विक्रेत्याला कळवलं की झालं. थोडक्यात, आईनं मिक्सर उचलून कुरिअरच्या ऑफिसात खेटे घालायचे नाहीत. तो परत नेणं हे त्यांचं काम.

यात कुणाचं काय जातं? मे २०२१ मधला मुंबईचा किस्सा बघा. एकानं अॅमेझॉनवरून ३९६ रुपयांचं माऊथवॉश मागवलं, खोक्यात निघाला रेडमी नोट १० मोबाइल! पाकिटावर नाव त्याचं, आत बिल दुसऱ्याचं. माऊथवॉश परत घेत नाहीत, म्हणून अॅपवर रिटर्नची सोयच नव्हती. पठ्ठ्यानं ईमेल केला आणि मोबाइल खऱ्या मालकाला पोचवा, असं कळवलं. कारण आपल्या 'लॉटरी'च्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी पैसे भरून वाट बघत असतं. किंवा एखादा छोटा विक्रेता असतो, ज्याच्या स्टॉकमधून एक नग गायब झालेला असतो.

पार्सल चुकलं? मग हे करा

- वस्तू वापरू नका. खोकं, लेबल आणि बिलाचे फोटो काढा.
- कंपनीला लेखी कळवा. ईमेल किंवा अॅपवरचं चॅट चालेल. नुसता फोन पुरावा ठरत नाही.
- 'अमुक दिवसांत घेऊन जा, खर्च तुमचा' असं स्पष्ट लिहा.
- महागाच्या वस्तूऐवजी भलतंच काही आलं तर तक्रार अधिकाऱ्याला गाठा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार त्यानं ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात तक्रार निकाली काढायची.
- तरी दाद नाही? १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर फिरवा.

एक वेगळा इशाराही. प्रत्येक अनोळखी पार्सल म्हणजे चूक नसते. २०२० मध्ये अनेक देशांत लोकांच्या घरी न मागवलेल्या बियाण्यांची पाकिटं येऊन पडली आणि ऑगस्टमध्ये आपल्या कृषी मंत्रालयानंही सावध राहायला सांगितलं. बियाण्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या जालन्यात असं पाकीट आलंच, तर कुंडीत पेरून बघायचा मोह नको. कृषी विभागाला कळवा. आणि कुणीच न मागवलेलं कॅश ऑन डिलिव्हरी पार्सल दारात आलं तर पैसे देऊच नका. हे घरच्यांना आजच सांगून ठेवा.

भांडायची वेळ आलीच तर मुंबई-दिल्ली गाठायला नको. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे आपण राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. घटना जिथं घडली तिथंही चालतं. म्हणजे तुमच्यासाठी पुणे किंवा जालना, दोन्ही खुले. मुदत दोन वर्षांची. वस्तूसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी शून्य, आणि वकील लावायची सक्ती नाही. तक्रार 'ई-जागृती' पोर्टलवरून ऑनलाइनही करता येते, म्हणजे रजा टाकायचंही टेन्शन नाही!