मोत्याचे पोटभाडेकरू

घरात कुत्रे किंवा मांजर आले, की त्याच्याबरोबर न विचारता आणखी काही बिऱ्हाडे येतात. कानामागे गोचीड, केसांत पिसवा आणि आतड्यात जंत. भाडे नाही, पागडी नाही, वर मालकाचेच रक्त पिऊन राहणारे हे पोटभाडेकरू! पावसाळ्याच्या दमट दिवसांत तर त्यांची चंगळच. मग ‘मोत्याला गावी सोडून येऊ या’ असा विषय घरात निघतो आणि मुलांचे चेहरे उतरतात. वास्तविक दोष मोत्याचा नसतो. फक्त शत्रूचा मुक्काम कुठे आहे, हे आधी कळायला हवे.

पिसवांचेच पाहा ना. जनावराच्या अंगावर दिसतात त्या एकूण पिसवांच्या जेमतेम 5 टक्के. बाकीच्या अंडी, अळ्या नि कोषांच्या रूपात सतरंजीत, सोफ्याच्या शिवणीत, पलंगाखाली असतात. कोषातली पिसू तर काही महिने दबा धरून बसू शकते. तपकिरी गोचीडही रक्त पिऊन टम्म फुगली, की खाली उतरून भिंतीच्या फटीत हजारो अंडी घालते. तिच्या चाव्यातून होणारा ‘गोचीड ताप’ वेळीच उपचार न झाल्यास कुत्र्याच्या जिवावर बेततो. खाणे सुटले, हिरड्या फिकट पडल्या, तर वाट पाहू नये.

जंतांची कथा आणखी वेगळी. ‘आमचे पिल्लू घराबाहेर गेलेलेच नाही’ असे आपण म्हणतो; पण गोल जंत पिलाला आईच्या पोटातूनच मिळतात. त्यांची अंडी मातीतून मुलांच्या हाताला आणि हातातून तोंडात जातात. क्वचित अळी डोळ्यापर्यंत पोचते आणि दृष्टी गमावण्याची पाळी येते. दिलासा एवढाच, की ही अंडी बाधक व्हायला साधारण दोन आठवडे लागतात. म्हणजे विष्ठा रोजच्या रोज उचलली आणि जेवणापूर्वी हात साबणाने धुतले, की निम्मी लढाई जिंकलीच. शेपटीखाली तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे दिसले, तर ते बहुधा पट्टकृमीचे. जनावराने अंग चाटताना पिसू गिळली, की ते होतात. पिसवा तशाच ठेवून नुसते जंतांचे औषध दिले, तर ते पुन्हा होणारच!

तेव्हा बंदोबस्त सगळीकडे एकदम करावा. अंथरूण आठवड्याला गरम पाण्यात धुवावे, कोपरे आणि फटी झाडाव्यात. गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावी. बोटांनी चिरडू नये. पिलांना दोन आठवड्यांची झाल्यापासून तीन महिन्यांपर्यंत दर पंधरवड्याला, पुढे सहा महिन्यांपर्यंत दरमहा आणि नंतर साधारण दर तीन महिन्यांनी वजनानुसार जंतांचे औषध द्यावे. गोचिडींसाठी आता चघळण्याच्या गोळ्याही मिळतात. कुत्र्याला फिट येत असतील, तर ते मात्र डॉक्टरांना आधी सांगावे.

रॉकेल चोळण्याचा जुना उपाय साफ विसरावा. त्याने कातडी भाजते आणि चाटल्यास ते पोटात जाते. कुत्र्याचे औषध मांजराला तर कधीच लावू नये. त्यात परमेथ्रिन असेल, तर मनीच्या प्राणांवरच बेतेल.

एवढे नेमाने केले, की मोत्या मुलांच्या अंथरुणाशी खुशाल झोपू द्या. घर रिकामे करण्याची नोटीस बजावायची ती पोटभाडेकरूंना, मोत्याला नव्हे!